दोन स्टेंट आणि तीन प्रश्न : एक प्रकरण अभ्यास

जानेवारी २०२४ मधील एका संध्याकाळी लालबागच्या चाळीत राहणारे सहासष्ट वर्षांचे एक गृहस्थ, त्यांची पत्नी आणि मुलगा असे तिघे माझ्या परळच्या दवाखान्यात आले. मुलाच्या हातात अँजिओग्राफीची (हृदयाच्या धमन्यांत रंगद्रव्य सोडून केलेल्या एक्स-रे तपासणीची) सीडी, तिचा अहवाल आणि खर्चाचा अंदाज लिहिलेला एक कागद होता. काका तीस वर्षे बेस्टमध्ये कंडक्टर होते आणि मी त्यांना बरीच वर्षे ओळखतो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. वैद्यकीय निर्णयाशी संबंधित बाबी मात्र जशा होत्या तशाच ठेवल्या आहेत.

तीन महिन्यांपासून चाळीचा जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर त्यांच्या छातीवर दाब येत असे, दोन-तीन मिनिटे कठड्याला टेकून उभे राहिले की तो जाई आणि मग ते तिसऱ्या मजल्यावरच्या घरी पोहोचत. आठवड्यातून चार-पाच वेळा असे होई. बसल्याजागी किंवा झोपेत कधीही त्रास झाला नव्हता. रक्तदाबाची एक गोळी चालू होती, मधुमेह नव्हता, सिगारेट सुटून दहा वर्षे झाली होती, एकूण कोलेस्टेरॉल २२८ होते. याखेरीज एक जुनी नोंद पुढे महत्त्वाची ठरली : गुडघ्यांसाठी सतत घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांमुळे २०२० मध्ये त्यांच्या पोटातील अल्सरमधून रक्तस्राव झाला होता आणि दोन बाटल्या रक्त द्यावे लागले होते.

स्ट्रेस टेस्ट (ट्रेडमिलवर चालवून घेतलेली हृदयाची तपासणी) दुसऱ्या टप्प्यातच पॉझिटिव्ह आल्यावर एका खासगी रुग्णालयात त्यांची अँजिओग्राफी झाली. काका टेबलावर असतानाच डॉक्टर बाहेर आले आणि मुलाला म्हणाले की हृदयाच्या उजव्या धमनीत ८० टक्के आणि डाव्या धमनीच्या सर्कमफ्लेक्स शाखेत ७० टक्के ब्लॉकेज आहे, आत्ताच दोन स्टेंट (धमनी उघडी ठेवणाऱ्या जाळ्या) टाकून घेऊ, छातीत सुतळी बॉम्ब घेऊन घरी कशाला जायचे? मुलाने घाबरत का होईना, दोन दिवसांची मुदत मागितली आणि ‘सल्ल्याविरुद्ध’ अशा शेऱ्याखाली सही केली. त्या दिवसापासून घरात कोणालाही धड झोप नव्हती. त्यात काकांच्या मेव्हण्यांनी ब्लॉकेज वितळवणाऱ्या काढ्याची चित्रफीत पाठवली होती. ती आम्ही पाहिली नाही.

अहवाल नीट वाचल्यावर चार गोष्टी स्पष्ट झाल्या. डाव्या बाजूची मुख्य धमनी मोकळी होती. पुढच्या बाजूने खाली उतरणाऱ्या मोठ्या शाखेत फक्त किरकोळ खडबडीतपणा होता. टू-डी इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, हृदयाची पंप करण्याची क्षमता ६० टक्के, म्हणजे सामान्य होती. आणि गेल्या काही आठवड्यांत दुखणे वाढत गेल्याची कोणतीही खूण नव्हती. यांतली एखादी गोष्ट जरी वेगळी असती, तर पुढचा सगळा विचार वेगळ्या वाटेने गेला असता.

कोणाला काय हवे होते

संशोधनाकडे वळण्याआधी मी तिघांना एकच गोष्ट विचारली : स्टेंट टाकल्याने नेमके काय व्हावे असे तुम्हाला वाटते? मुलगा म्हणाला, “बाबांना झटका येऊ नये.” काकूंनी विचारले, “यांचं आयुष्य वाढेल ना डॉक्टर?” काका थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “मला जिना चढता आला पाहिजे. बाकीचं तुम्ही लोक बघा.”

एकाच शस्त्रक्रियेकडून तीन माणसांच्या तीन वेगळ्या अपेक्षा होत्या आणि रुग्णालयातल्या त्या पाच मिनिटांत या तिन्हींची सरमिसळ होऊन त्यांचा एकच शब्द झाला होता, ‘फायदा’. हृदयरोगाच्या संशोधनात मात्र या तीन प्रश्नांची उत्तरे तीन वेगवेगळी आहेत. माझ्या अनुभवात रुग्णांची फसगत खोट्या माहितीने क्वचित होते. एका प्रश्नाचे खरे उत्तर दुसऱ्याच प्रश्नाला चिकटवल्याने ती बहुतेक वेळा होते.

या गोंधळाचे सर्वांत मोठे उदाहरण मुलानेच दिले. शेजारच्या चाळीतील एकांना मध्यरात्री झटका आला, तासाभरात अँजिओप्लास्टी झाली, म्हणजे धमनी फुग्याने उघडून स्टेंट बसवला, आणि ते वाचले. मग बाबांना थांबायला सांगणे कसे बरोबर? शेजाऱ्यांच्या बाबतीत निर्णय निःसंशय योग्य होता. झटका चालू असताना धमनी गुठळीने पूर्ण बंद झालेली असते, स्नायू मिनिटामिनिटाला मरत असतो आणि तेव्हा ती उघडल्याने जीव वाचतो. २००३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने प्रसिद्ध केलेल्या २३ चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात गुठळी विरघळवणारे इंजेक्शन दिलेल्यांपैकी सुमारे ९ टक्के रुग्ण दगावले होते, तर तातडीने अँजिओप्लास्टी झालेल्यांपैकी ७ टक्के. काकांची धमनी मात्र बंद नव्हती, अरुंद होती आणि महिनोन्‌महिने तशीच होती. दोघांच्या धमनीत बसणारी जाळी एकच असली, तरी आजाराची अवस्था वेगळी आहे, आणि एका अवस्थेतला पुरावा दुसरीत उसना घेता येत नाही.

आयुष्य आणि झटका

स्थिर अंजायनाच्या, म्हणजे काकांसारखे श्रमाने छातीत दुखून विश्रांतीने थांबणाऱ्या त्रासाच्या, रुग्णांवर हा प्रश्न मोठ्या प्रमाणावर तपासणारी पहिली गाजलेली चाचणी ‘करेज’. २००७ मध्ये तिचे निष्कर्ष आले. २,२८७ रुग्णांपैकी निम्म्यांना उत्तम औषधोपचार आणि शिवाय अँजिओप्लास्टी मिळाली, निम्म्यांना फक्त औषधोपचार. सुमारे साडेचार वर्षांनंतर मृत्यू किंवा झटका यांचे प्रमाण पहिल्या गटात १९ टक्के आणि दुसऱ्यात १८.५ टक्के होते. त्या निष्कर्षांवर आक्षेप असा होता की रुग्ण फार गंभीर नव्हते आणि स्टेंट बहुतांशी जुन्या पद्धतीचे, औषधाचा लेप नसलेले होते. आक्षेप रास्त होता, म्हणूनच त्याचे उत्तर शोधण्यासाठी ‘इस्किमिया’ ही चाचणी आखली गेली. ३७ देशांतील, त्यांत भारतातीलही, ५,१७९ रुग्ण तिच्यात होते. स्ट्रेस तपासणीत मध्यम ते तीव्र दोष आढळलेल्यांनाच प्रवेश होता, स्टेंट नव्या पिढीचे होते आणि ज्यांना गरज होती त्यांची बायपास झाली. निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले.

आकडे सांगण्याआधी मी नेहमी वगळलेल्यांची यादी पाहतो, कारण चाचणी कोणाबद्दल बोलत नाही हे त्या यादीतून कळते. ‘इस्किमिया’मध्ये डाव्या मुख्य धमनीत ५० टक्के किंवा अधिक अडथळा असलेले, पंप करण्याची क्षमता ३५ टक्क्यांखाली गेलेले, नुकताच झटका आलेले आणि औषधे घेऊनही असह्य त्रास असलेले रुग्ण घेतले नव्हते. काका यांपैकी कशातच बसत नव्हते. त्या चाचणीच्या दारात ते उभे राहिले असते, तर बहुधा त्यांना आत घेतले असते. म्हणून तिचे उत्तर त्यांच्यासाठी ग्राह्य धरायला हरकत नव्हती.

टक्केवारीपेक्षा माणसे मोजणे सोपे जाते. काकांनीच माप सुचवले : शंभर माणसे म्हणजे खच्चून भरलेली एक डबलडेकर. मग आम्ही दोन डबलडेकर डोळ्यांसमोर उभ्या केल्या. एकीतल्या प्रवाशांना आधी औषधे आणि लगेच अँजिओग्राफी करून स्टेंट किंवा बायपास. दुसरीतल्यांना औषधे आणि त्रास वाढला तरच शस्त्रक्रिया. हृदयविकाराने मृत्यू, झटका, किंवा अस्थिर अंजायना, हृदयाचा अशक्तपणा वा थांबलेले हृदय पुन्हा चालू करावे लागल्याने रुग्णालयात दाखल होणे, यांपैकी काहीही एक घडलेले प्रवासी पाच वर्षांनी मोजले, तर पहिल्या बसमध्ये सोळा निघतात आणि दुसऱ्या बसमध्ये अठरा. फरक दोन प्रवाशांचा, आणि तोही अनिश्चित : खरा फरक पहिल्या बसच्या बाजूने जवळपास पाचांचा असू शकतो किंवा तिच्या विरुद्ध एकाचा. पहिल्या सहा महिन्यांत तर चित्र उलटे होते, पहिल्या बसमध्ये पाच आणि दुसरीत तीन, कारण शस्त्रक्रियेच्या वेळीच काहींच्या हृदयाला इजा होते. आणि काकूंच्या प्रश्नाचे उत्तर : सुमारे सव्वातीन वर्षांच्या पाठपुराव्यात एका गटात १४५ मृत्यू झाले, दुसऱ्यात १४४.

काकूंनी तो आकडा दोनदा विचारून घेतला.

इथे थांबलो असतो तर मी स्वतःच्या मताला सोयीचा अर्धाच पुरावा सांगितल्यासारखे झाले असते. स्टेंटच्या बाजूने बोलणाऱ्यांचा मुद्दा पोकळ नाही. ‘इस्किमिया’मध्ये शस्त्रक्रियेच्या वेळी होणारे झटके पहिल्या गटात जास्त होते, पण आपोआप येणारे झटके कमी होते, दोन्ही एकाच बेरजेत घातल्यामुळे फरक पुसला जातो, असे ते म्हणतात, आणि आपोआप आलेला झटका पुढच्या आयुष्यासाठी अधिक घातक असतो हेही खरे आहे. २०२२ मध्ये आलेल्या पुढच्या पाठपुराव्यात सात वर्षांच्या अंदाजाने हृदयविकाराने होणारे मृत्यू शस्त्रक्रियेच्या गटात ६.४ टक्के आणि औषधांच्या गटात ८.६ टक्के होते. मात्र इतर कारणांनी झालेले मृत्यू शस्त्रक्रियेच्या गटात जास्त होते, ५.६ विरुद्ध ४.४, आणि सर्व मृत्यू मिळून १२.७ आणि १३.४ टक्के, म्हणजे सांगण्याजोगा फरक नाही. मी हे सगळे मुलाला सांगितले, कारण झटक्याचा प्रश्न त्याचा होता. माझे मत असे की झटक्यापासून थोडे संरक्षण मिळत असेलही, परंतु ते ‘आत्ता, टेबलावर’ ठरवण्याइतके मोठे किंवा तातडीचे नाही.

एवढा अरुंद भाग उघडूनही झटके का टळत नाहीत, हे मुलाला पटत नव्हते. तुंबलेला नळ मोकळा केला की काम झाले, हे उदाहरण सगळ्यांच्या मनात पक्के बसलेले असते आणि तेच दिशाभूल करते. झटका बहुतेकदा धमनीच्या भिंतीतील चरबीचा थर फुटून त्यावर गुठळी बसल्याने येतो आणि असा थर कित्येकदा अँजिओग्राफीत फारसा न दिसणाऱ्या जागीही असतो. स्टेंट दोन-तीन सेंटिमीटरची काळजी घेतो. स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी) आणि अ‍ॅस्पिरिन सगळ्या धमन्यांपर्यंत पोहोचतात. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘फोर एस’ या स्कँडिनेव्हियातील चाचणीत अंजायना असलेले किंवा झटका येऊन गेलेले, कोलेस्टेरॉल वाढलेले ४,४४४ रुग्ण होते. साडेपाच वर्षांच्या आसपास नकली गोळी घेणाऱ्यांपैकी १२ टक्के दगावले आणि सिम्व्हास्टॅटिन हे स्टॅटिन घेणाऱ्यांपैकी ८ टक्के. आपल्या बसमध्ये चार जीव. ती चाचणी जुनी आहे आणि तेव्हा बाकीचे उपचार आजच्याइतके नव्हते, तरीही काकूंच्या प्रश्नाला होकारार्थी उत्तर देणारी गोष्ट या सगळ्या कागदांत तीच होती आणि खर्चाच्या अंदाजात तिचा उल्लेखही नव्हता.

जिना

उरला काकांचा प्रश्न, आणि स्टेंटची बाजू खरी भक्कम आहे ती इथे. ‘इस्किमिया’मध्ये ज्यांना दर आठवड्याला किंवा रोज अंजायना होत असे, त्यांपैकी तीन महिन्यांनी पूर्ण त्रासमुक्त झालेले शस्त्रक्रियेच्या गटात सुमारे ४५ टक्के होते आणि औषधांच्या गटात १५ टक्के. हा फरक मोठा आहे. अडचण एवढीच की त्या रुग्णांना आपल्याला काय मिळाले आहे हे ठाऊक होते, आणि छातीतल्या दुखण्यावर मनाचा परिणाम किती होतो याचा इतिहास बोलका आहे. १९५० च्या दशकात छातीच्या आतील बाजूची एक धमनी बांधून टाकण्याची शस्त्रक्रिया अंजायनासाठी लोकप्रिय होती आणि रुग्ण बरे वाटल्याचे सांगत. १९५९ मध्ये सिअ‍ॅटलच्या लेनर्ड कॉब आणि सहकाऱ्यांनी १७ रुग्णांपैकी काहींची धमनी बांधली आणि बाकीच्यांना फक्त कातडीवर छेद दिला. दोन्ही गटांना सारखेच बरे वाटले आणि ती शस्त्रक्रिया मागे पडली.

स्टेंटची अशी परीक्षा व्हायला २०१७ साल उजाडावे लागले. लंडनमध्ये रशा अल-लामी यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या ‘ऑर्बिटा’ चाचणीत एका धमनीत अडथळा असलेल्या २०० रुग्णांना आधी सहा आठवडे औषधे बसवून दिली आणि मग सगळ्यांना टेबलावर घेतले. कानावर हेडफोन, गुंगीचे औषध, आणि निम्म्यांना स्टेंट न टाकताच बाहेर आणले. ट्रेडमिलवर चालण्याच्या वेळेत दोन गटांमध्ये फरक पडला फक्त १६.६ सेकंदांचा, तोही योगायोगाने पडू शकेल इतका. त्यावर मोठा गदारोळ झाला. त्याच गटाने २०२३ मध्ये ‘ऑर्बिटा-२’ प्रसिद्ध केली, या वेळी ३०१ रुग्णांच्या अंजायनाच्या गोळ्या बंद करून. बारा आठवड्यांनी स्टेंट घेतलेल्यांपैकी ४० टक्के आणि नकली शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी १५ टक्के त्रासमुक्त होते. दोन्ही निकाल शेजारी ठेवून मी त्यांचा अर्थ असा लावतो : स्टेंट दुखणे खरोखर कमी करतो, केवळ मनाचा खेळ नव्हे, परंतु गोळ्या नीट बसल्या असतील तर वरून मिळणारा लाभ आटतो. आणि स्टेंट टाकूनही बसमधल्या साठ जणांना काही ना काही दुखणे राहतेच, हे टेबलाशेजारी कोणी सांगत नाही.

तराजूची दुसरी बाजू

हानीचा विचार करताना सरासरी रुग्ण मनात ठेवून चालत नाही. स्टेंटनंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या एकत्र घ्याव्या लागतात, स्थिर आजारात साधारण सहा महिने. चार वर्षांपूर्वी अल्सरमधून रक्त गेलेल्या काकांसाठी हा कालावधी इतरांपेक्षा जोखमीचा होता. पहिल्या रुग्णालयात घाईत भरून घेतलेल्या संमतीपत्रात अल्सरचा उल्लेख नव्हता. कोणी विचारलेच नव्हते.

पैशाची गोष्टही इथेच येते, कारण ती निर्णयात शिरतेच. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने औषधलेपित स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये आणि साध्या स्टेंटची ७,२६० रुपये ठरवली; तरी खोली, कॅथलॅब आणि डॉक्टरांचे शुल्क वेगळे असते. मुलाच्या मेडिक्लेममधून हा सगळा खर्च भागला असता. दरमहाच्या गोळ्यांचा भागला नसता, कारण बहुतेक पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्याशिवाय पैसे देत नाहीत. ज्या उपचाराने आयुष्य वाढल्याचा पुरावा आहे तो खिशातून घ्यायचा, आणि ज्याने वाढत नाही तो फुकट पडतो, ही व्यवस्था माणसाला कुठल्या बाजूला ढकलते हे सांगायला संशोधन लागत नाही.

निर्णय आणि नंतरचे महिने

काकांनी आधी गोळ्या घेऊन पाहायचे ठरवले. निर्णय त्यांचा होता. मी शिफारस केली होती हे लपवत नाही. अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन, कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन, पोटासाठी पँटोप्राझोल, नाडी मंद ठेवून अंजायना कमी करणारे मेटोप्रोलॉल आणि दुखल्यास जिभेखाली ठेवायला खिशात सॉर्बिट्रेट. अल्सरमागच्या जंतूची तपासणी २०२० मध्ये राहून गेली होती, ती केली. जंतू सापडला आणि दोन आठवड्यांचा उपचार झाला. विश्रांती घेताना दुखले, वीस मिनिटांत थांबले नाही, घाम फुटला, तर कोणालाही फोन न करता थेट रुग्णालय, हे मी मुलाकडून तीनदा म्हणवून घेतले.

पुढचे महिने सरळ गेले नाहीत. मेटोप्रोलॉलने नाडी ४८ वर आली आणि चक्कर येऊ लागली म्हणून मात्रा कमी केली. अंजायनासाठीच अ‍ॅम्लोडिपिन ही गोळी जोडली तर घोट्यांना सूज आली आणि ती कशामुळे हे ओळखण्यात मी उगाच एक महिना घालवला. धमन्या सैल करणाऱ्या नायट्रेटच्या गोळीने डोके दुखे, पण ते सोसवले. एप्रिलपर्यंत छातीत दुखणे आठवड्यातून चार-पाच वेळांवरून दोनवर आले होते आणि तिथेच अडकले. जूनमध्ये काका एकटेच आले. “डॉक्टर, आता भीती वाटत नाही. पण चाळीचं रीडेव्हलपमेंट होऊन लिफ्ट येईपर्यंत मी काय खालीच बसून राहू?”

हा प्रश्न जानेवारीतल्या प्रश्नाहून वेगळा होता आणि पुराव्यात त्याला सरळ उत्तर होते. जुलैमध्ये दुसऱ्या रुग्णालयात, ठरवून, अँजिओप्लास्टी झाली. या वेळी दोन्ही अडथळ्यांपलीकडचा रक्ताचा दाब तारेने मोजला. उजव्या धमनीत प्रवाह खरोखर कमी होता, तिथे एक स्टेंट टाकला. सर्कमफ्लेक्समध्ये मोजणी (अडथळ्यापलीकडच्या दाबाचे अलीकडच्या दाबाशी गुणोत्तर) ०.८६ आली, ०.८० पेक्षा जास्त असल्यास स्टेंटने लाभ होत नाही असे मानतात, म्हणून ती शाखा तशीच ठेवली. रक्तस्रावाचा इतिहास पाहून दोन गोळ्यांचा कालावधी तीन महिन्यांवर आणला.

मुलाने नंतर विचारले, “मग जानेवारीतच टाकला असता तर सहा महिने वाचले नसते का?” जिन्यापुरते बोलायचे तर होय, वाचले असते बहुधा, असे मी सांगितले. तेव्हा दोन टाकले गेले असते, अल्सरचा जंतू पोटात असतानाच दोन गोळ्या सुरू झाल्या असत्या आणि स्टॅटिनबद्दल इतके बोलणे झाले नसते, हेही सांगितले. यांतले काय जास्त वजनाचे यावर आमचे अजून एकमत नाही.

ऑक्टोबरमध्ये दोन गोळ्यांपैकी क्लोपिडोग्रेल बंद केले तेव्हा हिमोग्लोबिन १३.१ होते आणि खराब कोलेस्टेरॉल १४२ वरून ६४ वर आले होते. काका तिसरा मजला न थांबता चढतात. गणपतीत पाहुण्यांसाठी पाण्याचे कॅन वर नेले तेव्हा एकदा दुसऱ्या मजल्यावर छाती भरून आली होती, असे त्यांनी काकू बाहेर गेल्यावर सांगितले.